अण्णांचं रंगीत अननस

कचेरीला निघण्याआधी अण्णा रोज एका झाडाच्या पोटात पाणी भरत. कुणी मुळाशी ओतलेलं त्यांना खपत नसे. "मुळाशी नको टाकू भाऊ, याचं पेट वरती आहे," म्हणत, आणि पानांच्या मधल्या पेल्यात वाटीभर पाणी सोडत. झाड ब्रोमेलियाचं होतं. मोहल्ला त्याला रंगीत अननस म्हणे आणि फळ कधी लागेल म्हणून विचारी. "फळ नाही, फूल येईल. दम धरा," एवढंच उत्तर.

कचेरीचा गोरा साहेब मायदेशी गेला तेव्हा अण्णांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्याच्या बंगल्यातून ते मागून आणलं होतं. फूल पाहण्याआधीच त्या विषमज्वरानं गेल्या. अण्णा आमच्या कचेरीतले सर्वांत जुने कारकून, आणि सर्वांत खडूसही. माझ्या मसुद्यावर इतक्या लाल रेघा मारत की खाली माझं काही उरलंय का ते शोधावं लागे. त्या कुंडीजवळ मात्र ते हळू बोलत.

नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि पाठोपाठ अण्णांची बदली निघाली. तिकडे घर बघायला ते महिनाभर गेले, कुंडी माझ्यावर सोपवून. मी निंबोला गावचा, केळीच्या बागांत वाढलेला. झाडाच्या बुडाशी दोन पिलं, म्हणजे कोवळे फुटवे, आली होती, पेल्यात कळी डोकावत होती. आमच्याकडे केळ निसवण्याआधी, म्हणजे घड बाहेर पडण्याआधी, पिलं ठेवत नाहीत, ती घडाचं बळ खातात. मी विळ्यानं दोन्ही कापली आणि पुन्हा फुटू नयेत म्हणून बूडही कोरलं. म्हटलं, अण्णांना फूल दांडगं मिळेल.

मिळालंही. अण्णा परतले, त्या गुलाबी तुऱ्यापुढे उकिडवे बसले आणि रडले. मग बुडाशी बोटं फिरवत विचारलं, "पिलं कुठं गेली रे?"

मी ऐटीत सगळं सांगितलं.

"हे एकदाच फुलतं, मग मरतं," ते म्हणाले. "पुढं पिलंच जगतात. तुझ्या काकूला जबान दिली होती, जिथं जाईन तिथं एक पील नेईन म्हणून."

अण्णा निघाले तेव्हा झाड कुजायला लागलं होतं. रिकाम्या हातानं भोपाळला गेले आणि वर्षाच्या आत तिथंच वारले. निघताना स्टेशनावर मी माफी मागितली, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू जीव लावूनच कापलं ना. तुला काय बोलू?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.