फुंकरमामांचा हुरडा

फुंकरमामा कोणतीही वस्तू हातात देण्याआधी तिच्यावर फुंकर घालायचे. चहाचा कप असो, खोलीची किल्ली असो, नाहीतर माठातलं गार पाणी असो. गार पाण्याच्या तांब्यावर फुंकर घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. भाजलेलं ज्वारीचं कणीस तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि कोवळा हुरडा समोरच्याच्या ओंजळीत टाकायचा, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ती सवय मग हुरड्यापुरती राहिली नाही. त्यांचं खरं नाव वेगळंच होतं. हे नाव आमच्या सईनं पाच वर्षांची असताना ठेवलं आणि मामींनीही हसून चालवून घेतलं.

मी लातूरला शाळेत शिकवते. माझा नवरा विवेक नांदेडला नोकरीला, रविवारपुरता घरी. या दोन गावांच्या मध्ये अहमदपूर आणि अहमदपूरपासून थोडं आत मामांचं शेत. राहत्या घराशेजारी त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. वर पत्रा, पुढे ओसरी, ओसरीतून सगळं रान दिसायचं. शाळेतल्या एका बाईंनी नंबर दिला म्हणून आम्ही पहिल्यांदा गेलो आणि मग दर हिवाळ्यात जातच राहिलो. सई आणि मी लातूरहून निघायचो, विवेक नांदेडहून, आणि अहमदपूरच्या स्टँडवर आम्ही भेटायचो. खरं सांगायचं तर सणवार सोडले, तर आम्ही तिघं सलग तीन दिवस एका छपराखाली असायचो ते तिथेच.

सुट्टीला आलोय म्हणून लोळत पडायची सोय मात्र नव्हती. सकाळी सातला मामा ओसरीपुढे उभे. "साहेब, बसून बसून पाय आखडून जातेल, चला जरा," म्हणत ते विवेकला गोठ्याकडे न्यायचे. घरी स्वतःचा पाण्याचा पेला न उचलणारा माझा नवरा तिथे डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चालायचा. मी ओसरीत बसून ते दृश्य डोळे भरून पाहायची. मग मामी मला आत भाकरी थापायला बोलवायच्या आणि माझंही हसू आटोपायचं.

सईचं काम रानातल्या राखणीच्या माळ्यावर. आजूबाजूच्या शिवारात सगळा हरभरा आणि ऊस. ज्वारी फक्त मामांची, तीही विहिरीजवळच्या लहानशा पट्ट्यात. त्यामुळे साऱ्या गावाची पाखरं तिथे जेवायला. पाखरांच्या त्रासापायीच बाकीच्यांनी ज्वारी सोडली होती. मामा दिवसभर लाकडी माळ्यावर गोफण घेऊन बसायचे, पण दगड कधी पाखराच्या अंगावर टाकायचे नाहीत. नुसता गोफणीचा आवाज काढायचे. सईला ते आरोळी ठोकायला लावायचे. शहरात हळू बोल, हळू बोल ऐकून वाढलेली माझी मुलगी तिथे घसा बसेपर्यंत ओरडायची.

दुपार उतरली की आगटी पेटायची. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांची धग, भोवती पोत्यांवर आम्ही. मामांच्या तळव्यांना चटका म्हणून लागत नसे. पहिल्याच वर्षी सईनं त्यांचं पाहून कणीस उचललं आणि बोटं भाजून घेतली. मामांनी तिचा हात धरून बराच वेळ फुंकर घातली. दुसऱ्या दिवशी तिला जरा निवलेलं कणीस दिलं, चोळायला शिकवलं आणि तिच्या तळव्यावरचे दाणे पहिल्यांदा स्वतः खाल्ले. मामी मला हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं झाली, ह्यांना कुणी चोळून दिल्यालं मी बघितलं न्हाई." त्यानंतर दर वर्षी पहिलं कणीस सई चोळायची आणि ते मामांचं असायचं.

आमच्या घरात रजा ही फार नाजूक वस्तू. विवेकची जुळली की माझी जुळत नाही, माझी जुळली की सईची परीक्षा. कधी नाताळात जायचो, कधी संक्रांतीला, एकदा तर थेट सव्वीस जानेवारीला. निघण्याआधी फोन करून मी विचारायची, मामा, हुरडा अजून असेल ना? त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही या. रान थांबतंय." आणि खरोखरच आम्ही जाऊ तेव्हा हुरडा कोवळा असायचा. हुरडा आठवडाभर टिकतो, मग दाणा टणक होतो, एवढं मलाही माहीत होतं. तरी विवेक म्हणायचा, आपलं नशीब जोरावर आहे. मीही मान डोलवायची.

गेल्या हिवाळ्यात सई बारावीला होती. लातूरमध्ये बारावी म्हणजे काय, ते लातूरकरांना सांगायला नको. नाताळात येतो म्हणून कळवलं आणि क्लासची परीक्षा निघाली. संक्रांतीला येतो म्हटलं, तेव्हाही तेच. दोन्ही वेळा मामा म्हणाले, "हाव, या तवा. रान थांबतंय." सव्वीस जानेवारीच्या दोन दिवस आधी मी फोन करून सांगितलं की आता पुढच्या वर्षीच. ते म्हणाले, "एक दिस पण जमायचं न्हाई का? सकाळी येऊन संध्याकाळी जावा." दीड तासाचा रस्ता. मी म्हटलं, "मामा, हुरडा काय पळून चाललाय?" ते लगेच म्हणाले, "न्हाई न्हाई, पोरीचं शिक्षण आधी."

सईचा निकाल लागला, मेडिकलला जाण्याइतके गुण मिळाले, तेव्हा पहिल्या काही फोनांत मामांना फोन केला. मामींनी उचलला. मामा होळीच्या आधीच गेले होते. पोटाचं दुखणं दिवाळीपासून होतं. "पोरीच्या परीक्षा होईस्तोवर सांगू नको म्हणले," मामी म्हणाल्या, "मग माझ्याच्यानं फोन करनं झालं न्हाई."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. परीक्षा, रजा, काही आडवं आलं नाही. सोयाबीन नुकतंच उगवून वर आलं होतं. माळा तसाच उभा होता. मामींनी खोली उघडून दिली, पण आम्ही ओसरीतच बसलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, गेल्या वर्षी हुरडा कसा झाला होता?

मामींनी सांगितलं. बाकीचे पाहुणे तारीख सांगून यायचे, त्यांच्यापुरता एक पेरा बास होता. "तुमचाच नेम न्हाई. म्हणून चार तुकडे करून आठ-आठ दिसांनी पेरायचे. एक टणक झाला की दुसरा कवळा. गेल्या साली शेवटचा तुकडा काढूच दिला न्हाई. अंगात ताप असून माळ्यावर चढायचे. मी म्हणलं, न्हाई येनार ते आता. तर म्हणले, फोन येईल."

मला स्वतःची लाज वाटली. शाळेचं वेळापत्रक मी करते. कोणता तास कधी, कोणते सर रजेवर, कुणाच्या जागी कोण, सगळं माझ्या डोक्यात असतं. आणि एवढी वर्षं मला एकदाही प्रश्न पडला नाही की रान थांबतं कसं. सई उठून माळ्यापाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. विवेक कडब्याच्या गंजीकडे बघत होता.

निघताना मामींनी एक पुरचुंडी आणून दाखवली. त्या शेवटच्या तुकड्यातलं बी. त्या म्हणाल्या, "मी पेरीन. पर चार पेरनं आन् राखनं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. एकच पेरते. ह्या बारीला तारीख सांगा."

विवेकनं सवयीनं फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि मग तसाच खिशात ठेवून दिला. मी म्हटलं, संक्रांतीचा दुसरा दिवस.

मामी अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत मागं मागं मोजत गेल्या. पौष, मार्गशीर्ष, कार्तिक. दसऱ्याच्या अंगाला येऊन थांबल्या. आपल्या येण्याचा दिवस कुणी असा बोटांवर मोजताना मी पहिल्यांदा पाहत होते. मोजून झाल्यावर त्यांनी पुरचुंडीवर हळूच फुंकर घातली आणि ती कनवटीला लावली.

"न्हाई आलाव तर पाखरं खातेल," त्या म्हणाल्या. "माळ्यावर बसायला आता कुनी न्हाई."