अर्धी रंगवलेली होडी

केरीचा रघुनाथ माझा शेजारी. थोरल्या भावाशी, भिकाजीशी, त्याचे सात वर्षे बोलणे नव्हते. घराच्या वाटण्यांत चवथीचा गणपती भिकाजीकडे गेला, तेव्हापासून. होडी मात्र सामाईक राहिली, कारण होडी मधून कापता येत नाही; कापता आली असती तर या दोघांनी कापली असती. रोज दोघे तेरेखोल नदीत जाळे टाकायला जात. भिकाजी उजवे वल्हे मारी, रघुनाथ डावे. बापाने लहानपणीच हात बसवून दिलेले, त्यामुळे तोंडाची गरज पडत नसे. मला त्या भावाची काही गरज नाही, असे रघुनाथ मी न विचारता सांगत असे. खरे म्हणजे त्या अबोल्याने तो आतून कुढत होता.

तुयेच्या एका कारखान्यात प्रज्योत नावाचा केमिस्ट आहे. त्याने होडीच्या बुडाला लावायचा पॉलिमरचा रंग तयार केला होता. त्यात विष वगैरे काही नाही. नुसता इतका गुळगुळीत, की शेवाळाला आणि शिंपल्यांना धरायला जागाच मिळत नाही. फरक दिसावा म्हणून त्याला होडी अर्धीच रंगवायची होती, आणि दुसरी बाजू पावसाळ्यापर्यंत कोणी खरवडायची नव्हती. दोघा भावांनी त्याला वेगवेगळा होकार दिला. त्याने उजवी बाजू रंगवली, कारण तिथे सावली होती.

रघुनाथने व्हायचा तोच समज करून घेतला. गणपती दादाला, रंगही दादाला. तक्रार करायची तर भावाशी बोलावे लागले असते, म्हणून ती राहिली.

दिवाळीनंतर डाव्या बाजूवर शिंपल्या धरल्या आणि ती किसणीसारखी झाली. ती बाजू पाण्यात अडे, उजवी सुळकन पुढे जाई, आणि होडी डावीकडे वळे. रघुनाथ जीव खाऊन वल्हे मारी, तरी दोघे जाळ्याऐवजी खारफुटीत पोचत. लोक काठावरून मजा बघत. मीही बघितली. शेवटी एका सकाळी रघुनाथचा दम संपला.

"दादा, वल्हा हळू मार," तो म्हणाला.

भिकाजीने वल्हे पाण्याबाहेर धरले. मग म्हणाला, "तू जोरान मार मगे."

हे मला रघुनाथनेच सांगितले, आणि पुन्हा पुन्हा सांगितले. त्यानंतर त्यांना रोज बोलावेच लागे. आधी वल्ह्यांविषयी, मग बांगड्याच्या भावाविषयी, मग गुडघ्यांविषयी. भिकाजीची बायको सुलोचना दोघांची भाकरी एकाच डब्यात द्यायला लागली.

पावसाच्या तोंडावर होडी वर ओढून पालथी घातली. प्रज्योतने उजवी बाजू फडक्याने पुसली, ती लखलखली. तो खूश झाला आणि म्हणाला, डावी बाजूही फुकट रंगवून देतो.

"रवांदे," रघुनाथ म्हणाला. "दोन्ही बाजू सारख्यो झाल्यो तर दादा परत माझ्यावांगडा बोलूचो नाय."

भिकाजी तिथेच उभा होता. त्याने खाली वाकून डाव्या बाजूची एक शिंपली नखाने उचकटून काढली.

"बोलतलंय मी," तो म्हणाला. "तू रंग लावन घे."