नळीच्या टोकाचं पितळी कडं

आमच्या जळगावच्या रायफल क्लबात पुंगळ्या रोज झाडून काढतात, किस्से मात्र साचतच जातात! बरेचसे आमच्या कोच नानांचे. नानांचा जन्म लेथ मशीनवर गेला. मी शाळेत गणित शिकवते. नेमबाजी सगळी त्यांनीच शिकवली.

*

गोळी सुटताना रायफलची नळी थरथरते. टोकाला वजन बसवून मागेपुढे सरकवत राहिलं, की एका जागी सलग पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून जातात. त्यासाठी नानांनी सगळ्यांना एकाच मापाची पितळी कडी करून दिली, अगदी धुळ्याच्या क्लबातल्या मंडळींनाही. एका वेळी किती सरकवायचं? "मेथीच्या दाण्याइतकं!"

जामनेरचा एक सभासद दुसऱ्या दिवशी खरंच मेथ्या घेऊन आला. "नाना, दाणा उभा धरायचा का आडवा?"

*

जागा सापडली की खूण हवी, म्हणून नानांनी लाल नेलपॉलिश आणलं. नानींना ते खिशात सापडलं.

"माझ्यासाठी?"

"नळीसाठी."

"आधी माझी नखं. उरलं तर नळी!"

त्या आठवड्यात आमच्या खुणा फार बारीक होत्या.

*

एकदा महिनाभर माझा नेम बिघडला. मी रोज कडं सरकवायची. शेवटी नाना म्हणाले, "पोरी, कडं नळीची थरथर काढतं. तुझी नाही!" मग पुढचा महिनाभर रिकामी रायफल धरायला लावली. त्या महिन्याचे उपकार फिटायचे नाहीत.

*

दसऱ्याला आईने माझं कडं देव्हाऱ्यात पूजेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी धुळ्याला राज्य स्पर्धेसाठी निवड. महिलांची एकच जागा. तिथे रायफल उघडली, तर कडं देवापाशीच! माझी फेरी वीस मिनिटांवर. मी रडकुंडीला आले.

धुळ्याच्या क्लबातल्या अक्का माझ्याआधी खेळून पहिल्या नंबरावर बसल्या होत्या. माझं बिघडलं, की जागा त्यांचीच. त्या उठल्या, आपल्या नळीचं कडं सोडवलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "काबर रडी राह्यनी? हाई ले, मनं लाव."

मी त्यांचं कडं माझ्या खुणेवर घट्ट केलं आणि खेळले. एका गुणाने पुढे गेले!

निकाल लागला तशा अक्का सरळ माझ्याकडे आल्या. मी आभार मानायला उठले. त्यांनी हात पुढे केला.

"नंबर तुना. पन कडं मनं शे, काढ!"