जर्सी काढ, म्हणाले

योशिनोरी हामाबे हाल्डेनब्रुकला कधी आवडला नाही, आणि त्यालाही हाल्डेनब्रुक आवडलं असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. तरी तो राहिला. खाणी बंद पडल्यापासून आमच्या गावात स्वखुशीने कोणी राहत नाही. ज्याला जाता येतं तो जातो, आणि उरलेले शनिवारी मैदानावर येऊन खेळणाऱ्यांना शिव्या घालतात. गावात आता तेवढा एकच धंदा बरकतीत आहे.

हामाबे आला तो जपानातल्या नोबेओकाहून. तिथे बापाचं ट्रकच्या टायरांचं दुकान. शाळेच्या फुटबॉल संघात शंभरावर पोरं, आणि जर्सी मिळायची मोजक्यांना. स्पर्धेआधी सर सगळ्यांना मैदानात रांगेने बसवत आणि एकेकाला हाक मारून त्याच्या नंबराची जर्सी हातात देत. हाक आली नाही त्याने सामन्याच्या दिवशी गॅलरीत उभं राहायचं, ढोल बडवायचा आणि घसा फाटेस्तोवर गायचं. हामाबेला शाळा संपेपर्यंत हाक आली नाही. संघ हरला की जर्सीवाले रांगेने येऊन गॅलरीपुढे कमरेत वाकत, आणि मग गॅलरी जास्तच जोरात गाई. खालच्या पोरांचा हामाबेला हेवा वाटे, पण गाणं तोडायचं नाही ही तिथली रीत होती. यातलं काहीच त्याने इथे कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

शाळा सुटल्यावर काही वर्षं त्याने बापाच्या दुकानात टायर उचलले आणि मग जर्मनी गाठली. आठवडाभर हॉटेलात भांडी घासायची आणि रविवारी कुठल्यातरी खेडेगावच्या संघातून शेतालगतच्या मैदानावर खेळायचं, अशी दोन वर्षं काढली. हाल्डेनब्रुकने त्याला घेतलं तेही हौसेने नाही. डाव्या बाजूचा बचावपटू पाय मोडून घरी बसला होता आणि दुसरा कोणी मिळत नव्हता. सामान सांभाळणाऱ्या माणसाने हिरवी-काळी जर्सी त्याच्याकडे न बघताच टेबलावरून सरकवली. हामाबे ती घेऊन संडासात गेला, कडी लावली आणि रडला.

पहिलाच सामना हरला. बाकीचे खेळाडू मान खाली घालून आत पळाले आणि हा एकटा उभ्या प्रेक्षकांच्या स्टँडपुढे, जाळीपाशी, जाऊन कमरेत वाकला. हरलेल्या माणसाने आपल्यापुढे वाकावं हे आमच्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा आपली टर उडवतोय. स्टँडचा म्होरक्या डेटलेफ श्टूर भोंग्यातून म्हणाला की चिनी माणूस आपल्याला नाटक दाखवतोय, आणि बिअरचे ग्लास सुटले. पुढच्या सामन्यालाही हामाबे वाकला, पुन्हा ग्लास सुटले. जिंकले तरी वाकला. शेवटी ग्लास फेकणाऱ्यांनाच कंटाळा आला, बिअर काही फुकट मिळत नाही.

आता योगायोग असा, की क्लबने त्याला खोली घेऊन दिली ती याच डेटलेफच्या आईच्या घरी. गुद्रुन श्टूर खाली राहायची, हामाबे वर. गुद्रुनबाईंचा स्वभाव कुंपणाच्या तारेसारखा, जवळ गेलं की ओरखडा ठरलेला. पहिल्याच रविवारी त्याने अंगणातल्या दोरीवर मोजे वाळत घातले, ते तिने काढून पत्र्याच्या बादलीत टाकले आणि बादली त्याच्या दारापाशी आणून ठेवली.

"रविवारी या घरात दोरीवर काही लटकत नाही," ती म्हणाली. "देव बघतो. आणि शेजारी तर देवाहून जास्त बघतात."

तो वाकला. ती म्हणाली, वाकू नकोस, मोजे उचल.

डेटलेफ खडीचा ट्रक चालवायचा आणि दर रविवारी दुपारी आईकडे केक खायला यायचा. ताडमाड माणूस, दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडायचा. अंगणात हामाबे समोर आला तर हा पठ्ठ्या बाजूला सरायचा नाही, वाफ्यातून जायचं ते हामाबेने. वर्षानुवर्षं असंच चाललं. मध्ये एकदा संघ लीगच्या वरच्या विभागात चढला, तेव्हा ह्याच स्टँडने हामाबेला डोक्यावर घेऊन नाचवलं, त्याच्या नावाचं गाणं रचलं, आणि डेटलेफने रडून त्याच्या मानेवर नाक पुसलं. त्यानंतरचे काही रविवार तो अंगणात बाजूला सरायचा. मग संघ हरायला लागला आणि वाफ्यातून जायची पाळी पुन्हा हामाबेवर आली.

चौतिसाव्या वर्षी तो संघाचा कप्तान होता, कारण त्याच्याइतका कोणी टिकलाच नव्हता. गुडघ्यात पाणी साठायचं. पुढच्या मोसमात खेळता येणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. पण क्लबचे अध्यक्ष वीगांट यांनी हातात हात देऊन शब्द दिला होता, की जुलैपासून पोरांच्या संघाचा प्रशिक्षक तू. नोबेओकाचं दुकान धाकट्या भावाच्या ताब्यात गेलं होतं, बाप वारला होता, आणि तिकडे त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं. या गावात पाय रोवायला त्याच्याकडे वीगांटचा एवढा एक शब्द होता.

मोसमाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर झाला. तीन गोलांनी हरलो आणि खालच्या विभागात गेलो. शिट्टी वाजली तसे स्टँडमधून फटाके आले, धूर झाला, आणि भोंगा ओरडला की सगळे इकडे या. खेळाडू जाळीपाशी जाऊन पोलिसांनी धरून आणल्यासारखे उभे राहिले.

"जर्सी काढा," डेटलेफ म्हणाला. "ती आमची आहे. तुमची लायकी नाही."

हे आमच्याकडचं शिक्षा देण्याचं शास्त्र. गोलरक्षकाने सगळ्यात आधी काढली, तो विशीतला पोरगा, मुसमुसत होता. मग एकेकाने काढून जाळीपाशी ठेवली. उघडी पोरं गारठ्यात हात छातीशी धरून उभी राहिली, आणि हजारो माणसांनी त्यांना हसून घेतलं. सगळ्यात शेवटी हामाबे.

तो पुढे गेला आणि वाकला. खूप खाली, खूप वेळ. लोकांना वाटलं, आता काढणार. मागून वीगांट आले, आपल्या टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाईक पटवताना काढतात तसा मऊ आवाज काढून त्याच्या कानाशी म्हणाले, "हामा, काढून टाक. कापडच आहे. उद्या सगळं विसरतील, जुलैत तू कामावर ये."

हामाबे सरळ झाला. जर्सी अंगावरच होती.

"हरलो, माफी मागितली," तो जाळीपलीकडे म्हणाला. "जर्सी देणार नाही."

"तू कोण रे न देणारा?" डेटलेफने भोंगा खाली केला होता. "इथे उभं राहून कळतं जर्सी म्हणजे काय. तू कधी राहिलायस इथे उभा?"

"तीन वर्षं," हामाबे म्हणाला. "माझ्या शाळेत. मला जर्सी नव्हती, मी गायचो. हरले तर जास्त गायचो. अंगावरची काढून दे म्हणून कधी कोणाला म्हणालो नाही."

डेटलेफ जाळीतून थुंकला. हामाबे वळला आणि चालत आत गेला. शिव्या खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडापर्यंत त्याच्या मागे आल्या, मोजायला बसलो असतो तर थकलो असतो. त्याच्या नावाचं गाणं होतं, त्याच चालीवर नवे शब्द आले, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

वीगांटने पुढच्याच आठवड्यात शब्द फिरवला. स्टँडशी वाकडं घेतलेला माणूस पोरांपुढे कसा उभा करणार, असं म्हणाला. स्वतः मात्र त्या दिवशी कोटाची गुंडीही न सोडता उभा होता. टाइल्सबरोबर लाजही विकणारा माणूस, त्याच्याकडून दुसरं काय निघणार? हामाबेने बोलणं ऐकून घेतलं आणि या वेळी वाकला नाही. गावाला वाटलं, आता बॅग भरेल. बेकरीत बायका उघड म्हणायच्या, गेला तर बरं होईल, बघवत नाही. त्याने शेजारच्या गावात काम धरलं, टायरच्या दुकानात. बापाच्या दुकानातलं जे ओझं सुटावं म्हणून एवढी धडपड केली, तेच पुन्हा उचलायला लागला. गुद्रुनबाई जिन्यात म्हणाल्या की काळ्या हातांनी कठडा धरायचा नाही. मुलगा जाळीतून थुंकल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही, कोणाला कळलं नाही.

ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला, खालच्या विभागात. पहिल्या शनिवारी हामाबे तिकीट काढून उभ्या प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये गेला, तीच जर्सी घालून. लोक त्याच्याभोवतीची जागा सोडून उभे राहिले. डेटलेफ म्हणाला, निघ इथून. हामाबे म्हणाला, तिकीट काढलंय, गायला आलोय. आणि गायला. क्लबचं गाणं, आमच्या आजोबांच्या बोलीतलं, त्याच्या जपानी उच्चारात. आवाज असा की पुढच्या रांगेतली माणसं दचकून मागे बघत. आमच्यात गाणारे खूप आहेत, पण बिअर प्यायला थांबतात. हा थांबला नाही.

दोन गोलांनी हरलो. नवी पोरं भीत भीत जाळीकडे आली. डेटलेफने शिव्यांसाठी भोंगा उचलला, आणि शेजारी हामाबेने पुन्हा पहिल्या ओळीपासून गाणं धरलं, आधीपेक्षा जोरात.

"गप्प बस," डेटलेफ म्हणाला. "आज गाणं नाही."

"हरलेत," हामाबे म्हणाला. "आजच गायचं असतं."

डेटलेफने हातातला भरलेला ग्लास त्याच्या डोक्यावर उपडा केला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. हामाबेने डोळे पुसले आणि सुटलेली ओळ पकडली. त्याच्याबरोबर एकही माणूस गायला नाही. खाली पोरं उभी राहून ऐकत होती, गाणं संपल्यावरच ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी डेटलेफ नेहमीप्रमाणे केक खायला आला, आणि अंगणाच्या फाटकातच थबकला. दोरी तिच्या जागेवरून सोडून फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर आडवी बांधलेली होती, त्याच्या छातीच्या उंचीवर. तिच्यावर हिरवी-काळी जर्सी वाळत होती, दोन्ही बाह्या पसरून चिमटे लावलेली. पलीकडच्या खिडकीत शेजारीण कोपर टेकून बसली होती. दुसऱ्या घराचाही पडदा हलला. वाफ्यात एकीकडे गुलाबाची काटेरी झुडपं नुकतीच लावलेली होती आणि दुसरीकडे पाण्याने भरलेली पत्र्याची बादली. दारात गुद्रुनबाई, हात पोटावर.

"आई, रविवारी कपडे?" डेटलेफ म्हणाला.

"रात्रभर भिजत घातली होती. बिअरचा वास जात नाही."

"तो हामाबे स्वतः धुवत नाही?"

"त्याने धुतली. वाळत मी घातली." तिने त्याच्याकडे बघितलं, लहानपणी बघायची तसं. "कोणी ओतली ते मी विचारत नाही. हात लावायचा नाही जर्सीला. केक हवा असेल तर खालून ये."

डेटलेफने खिडकीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. वर हामाबेच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि तिथे कोणी नव्हतं, तो कामाच्या बुटांना पॉलिश करत आत बसला होता. डेटलेफ ताडमाड माणूस आणि दोरी चांगलीच खाली बांधलेली. तो कमरेत वाकला आणि जर्सीखालून आत आला.

केक आलुबुखारचा होता. गुद्रुनबाईंनी तीन बशा काढल्या.