फटीतलं शेवटचं पिल्लू

"विचारलंस ना? मग उत्तर यायला वेळ दे."

हे आमच्या बाईंचं वाक्य. म्हणताना तर्जनी वर, डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे कललेली. भाजीवाल्याला भाव विचारूनही त्या अशाच उभ्या राहायच्या. तो बिचारा घाबरून आपणहून कमी करायचा.

बाई आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. कल्याणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आमची डोंबिवलीतली सोसायटी, काळ ऐंशीच्या दशकातला. दोन विंगांच्या मधल्या जोडात वरपासून खालपर्यंत एक फट होती आणि त्या फटीत अंगठ्याएवढी वटवाघळं राहायची. दिवेलागणीला ती एकेक करून बाहेर पडत, तेव्हा बाई गच्चीत हजर.

मी तेव्हा तिशीतली. वटवाघूळ केसांत अडकलं की केस कापूनच काढावं लागतं, असं मी छातीठोकपणे सांगायचे. माझा शेपटा कमरेखाली होता आणि डोंबिवलीतली तमाम वटवाघळं त्याच्यावरच टपून आहेत अशी माझी खात्री. वाळलेले कपडे काढायला गच्चीत जाताना मी डोक्याला टॉवेल गुंडाळून जायचे. आता त्या शेपटाची सुपारी झालीय, तिच्यावर डाससुद्धा टपत नाही.

एकदा टॉवेलासकट बाईंनी मला पकडलं. हातात भाच्याने रेडिओच्या डब्यात जोडून दिलेलं यंत्र. आपल्याला ऐकू न येणारा वटवाघळांचा आवाज ते ऐकू येईल असा करून देई. आधी सावकाश टिक, टिक, टिक. मग एकदम टिकटिक घाईला आली आणि टर्रर्र करून थांबली.

"काय झालं?" मी टॉवेल घट्ट धरला.

"जेवण झालं. किडा जवळ आला तशी त्याने हाकांची घाई केली. शेवटी तोंडात."

"आणि कळतं कसं, किती जवळ आला ते?"

"तू जिन्यातून मला हाक मारतेस. मी लगेच ओ दिली तर मी कुठे असते?"

"दाराशी."

"उशिरा दिली तर?"

"मोरीत. आणि दिलीच नाहीत तर?"

"तर मला तुझ्याशी बोलायचं नसतं. त्याच्या मेंदूतल्या पेशी तेवढंच बघतात. एक पेशी लगेच आलेल्या प्रतिध्वनीला जागी होते, दुसरी जरा उशिरा आलेल्याला, तिसरी आणखी उशिरा. कोण जागी झाली, त्यावरून किडा किती लांब ते त्याला समजतं. तुझा एकेक केसही त्याला ऐकू येतो. टॉवेल काढ, गरम होत असेल."

आणखी एक सांगितलं त्यांनी. हाक मारताना वटवाघूळ क्षणभर स्वतःचे कान बधिर करून घेतं, नाहीतर आपल्याच ओरडण्याने बहिरं होईल. लगेच पुन्हा उघडतं, उत्तर ऐकायला. "आपले सेक्रेटरी कान उघडायचं विसरतात," बाई म्हणाल्या.

आता गंमत बघा. पावसाळ्यात त्या फटीतून पाणी झिरपून माझ्याच स्वयंपाकघराची भिंत ओली व्हायची. फट बुजवा म्हणून सेक्रेटरींच्या मागे मीच लागले होते, गच्चीतल्या भेटीच्या कितीतरी आधीपासून. चैत्र संपता संपता त्यांनी एकदाची परांची बांधली.

बाई वर आल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आत पिल्लं असतील. असली तर सिमेंटमागे जिवंत गाडली जातील. पिल्लं कधीकधी आपल्यालाही ऐकू येईल असं ओरडतात. हे यंत्र फक्त आपल्याला ऐकू न येणारेच आवाज पकडतं, आणि माझ्या कानांना आता बारीक आवाज येत नाहीत. तू ऐकशील?"

जन्मभर ऐकण्याबद्दल शिकवणारी बाई हे सांगत होती. मी गच्चीत गेले, फटीला कान लावला. काचेवर सुई ओढावी तसा आवाज होता, एक नव्हे, पुष्कळ.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, भिंत तुमचीच गळते ना?" पण माझा शब्द त्यांनी मानला. पिल्लं उडेपर्यंत थांबायचं, मग संध्याकाळी सगळी बाहेर पडल्यावर बुजवायचं, असं ठरलं. पिल्लं उडाली की कळवीन, असा बाईंनी शब्द दिला.

पिल्लं उडाली. बाईंनी स्वतः जाऊन सेक्रेटरींना सांगितलं. मला इतका राग आला. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" तर म्हणे, शब्द दिला होता.

त्या संध्याकाळी गवंडी माल कालवून बसला. शेवटचं वटवाघूळ बाहेर पडलं. बाईंनी मला खूण केली. मी फटीला कान लावला. आत काहीही नव्हतं, शुकशुकाट.

"एक आहे," मी म्हणाले.

"ताई, माल सुकतोय," गवंडी म्हणाला.

"मग दुसरीकडे लाव. पिल्लू आहे आत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग गवंड्याला म्हणाल्या, "उद्या ये."

उद्याही एक होतं. परवाही. सेक्रेटरी वैतागले, गवंडी दुसऱ्या कामावर गेला, पाऊस लागला आणि परांची उतरली. पुढची कमिटी आली ती पाण्याच्या टाकीत अडकली. फट तशीच राहिली. माझी भिंतही ओलीच राहिली. यजमान म्हणायचे, "तूच मागे लागली होतीस ना?" मी त्यांना चहा द्यायचे.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या भाच्याकडे बाळकुमला राहायला गेल्या तेव्हा. पुढे त्या तिथेच वारल्या, मला उशिरा कळलं. त्या निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं होतं. बाईंनी मला बाजूला घेतलं.

"एक विचारू? त्या संध्याकाळी खरंच होतं का गं पिल्लू?"

"होतं की. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

बाईंनी डोळे मिटले, मान किंचित डावीकडे कलली.

"आलं," म्हणाल्या. "मला चांगलं ऐकू आलं." आणि पदर सावरून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.