तिसरीची जागा

होडीत उभं राहायचं नसतं, हे ताजुद्दीन मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं, असं नाही. होडीवाल्या कोंडाजीनं दोनदा सांगितलं होतं. पण मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावर आपल्या नोकरीची पहिलीवहिली शाळा दिसली, मास्तर हरखून उठले, होडी कलंडली आणि कोऱ्या पाट्यांची पेटी डुबुककन तळाला गेली. मास्तरांची टोपीही गेली. पण ती सरकारी नव्हती.

कोंडाजीनं वल्हं थांबवून पाण्यात वाकून पाहिलं.

"मास्तर, हितं एकदा शाळा बुडलीया. परत कशापायी बुडवताय?"

पौडच्या बाजारात, बापाच्या कापडदुकानात वाढलेल्या मास्तरांना वाटलं, गडी थट्टा करतोय. थट्टा नव्हती. धरणाचं पाणी चढलं त्या साली कोंडाजी दुसरी पास झाला होता. तिसरीचं पुस्तकसुद्धा घरात आलं होतं. गाव उठून डोंगरावर गेलं, शाळा पाण्याखाली राहिली आणि कोंडाजी चाळिशीला आला तरी दुसरी पासच राहिला. आता त्या बुडालेल्या शाळेच्या डोक्यावरून तो वस्तीवरची पोरं नव्या शाळेत पोचवत असे. ती जागा आली की वल्हं उचलून धरायचा. पोरं गलका करू लागली तर दटावायचा, "गप ऱ्हावा रं, खाली वर्ग चाललाय."

त्याचा नियम एकच होता : दुसरीवर कुणी थांबायचं नाही. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या सखूनं आपल्या पारूला दुसरी होताच घरी बसवली, तेव्हा तो मास्तरांना घेऊन सखूच्या दारात हजर झाला.

"लई शिकली पोर," सखू म्हणाली. "शेरडं कोन राखंल? तुमी का, मास्तर?"

मास्तर राज्यघटनेपासून समजावू लागले. सखू ऐकत होती आणि भाकरी थापत होती. घटना चौदा वर्षांच्या मुलांपर्यंत आली, तेवढ्यात कोंडाजीनं विचारलं, "किती हायती शेरडं?"

"चार."

"मग ती बी येऊ देत. व्हडीत जागा हाय."

जूनपासून पारू तिसरीत बसली आणि शेरडं शाळेमागच्या करवंदीत. साहेब तपासणीला आले त्या दिवशी हजेरीला सगळ्यात मोठ्यानं 'ओ' दिली ती बोकडानं.

संध्याकाळी परतताना कोंडाजी पारूकडून तिसरीचा धडा ऐकायचा. ऐकताना वल्हं इतकं सावकाश चालायचं की धडा संपेपर्यंत काठ येत नसे. धडा संपला तरी तो विचारायचा, "फुडं?"

वर्ष सरलं. वैशाखात पाणी ओसरलं आणि जुन्या शाळेचं जोतं गाळातून वर आलं. कोंडाजीनं एका सकाळी मास्तरांना तिथं नेलं. उंबऱ्याशी वहाणा काढल्या.

"हितं बिगरी. हितं पयली. हितं आमी, दुसरी." मग तो कोपऱ्याशी जाऊन थांबला. "हितं तिसरी."

तिथं गाळ वाळून तडकला होता. धोतराच्या सोग्यानं त्यानं तेवढी जागा पुसून काढली. बसला मात्र नाही.

मास्तर म्हणाले, "कोंडाजीमामा, जूनपासून तुम्ही या ना आमच्याकडं तिसरीत. मी शिकवतो तुम्हाला."

कोंडाजी त्या कोपऱ्याकडंच बघत म्हणाला, "मला ही तिसरी पायजे, मास्तर, तुमची नगं."