जळकोटात सगळेच एक नंबर

जळकोटची मैमुनाबी पंचवीस वर्षं बायकांना बांगड्या भरत आली आणि यंदा ग्रामपंचायतीला उभी राहिली. वॉर्डातली गटार तिच्याच दारात तुंबायची. निवडून यायचं आणि ती गटार बांधून घ्यायची, एवढंच तिनं मनावर घेतलं.

भाचा मुजीब अमेरिकेत. तिकडच्या निवडणूक प्रचारात सुटीदिवशी हौसेनं राबणारा. तो फोनवरून मास्तर झाला.

"खाला, सभा सोड. यादी घेऊन दारोदार जा, सरळ विचार, मत देणार का? पक्का असला तर एक नंबर, आपल्याकडे झुकलेला दोन, काठावरचा तीन, विरोधक असला तर पाच. तीनवाल्यांना समजव, पाचांच्या नादी लागू नको. मतदानादिवशी फक्त आपल्या एक-दोनांना बाहेर काढ."

"आन् पाचवाला तोंडावर न्हाय म्हणतो?"

"म्हणतो की. दारही लावून घेतो."

"या अल्ला! चहाबी इचारत न्हाय?"

तीन दिवसांत मैमुनाबीनं अख्खा वॉर्ड पालथा घातला. चहानं पोटाचा हौद झाला. यादीत चारशे बारा मतदार, चारशे बाराही एक नंबर.

"खाला, यात तुझ्या विरोधात उभी असलेली म्हाळसाबाईपण आहे!"

"मग? तीच म्हणली, 'मैमुनाबी, तुमालाच की वं. बसा, पोहे टाकते.'"

दारात आलेल्याला जळकोटात कुणी नाही म्हणत नसतं. अमेरिकेच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

मग मैमुनाबीनं बांगड्यांची टोपली उचलली. बांगडी चढवताना हात मऊ सोडावा लागतो. पोटात एक आणि ओठात एक असलं की अंगठा आखडतो, हे तिला पक्कं ठाऊक. चढवता चढवता ती हळूच मताचं काढायची. हात सैल राहिला, एक नंबर. जरा आखडून सुटला, दोन. ताठला, पाच. बांगडी अर्ध्यात अडली की तीन, आणि तिथं गटारीवर तासभर कीर्तन. बांगड्या विकतच हं, आचारसंहिता होती.

"आणि पुरुषांचं?" मुजीबनं विचारलं.

"त्यांचं मत बायकोच्या मनगटाला ठाऊक असतंय, बाबा."

सख्ख्या जावेचा हात लोखंडी पहारीसारखा निघाला. मैमुनाबीनं दात खाऊन पाच लिहिलं.

मतदानादिवशी तिनं पाचांकडं ढुंकून पाहिलं नाही. एक-दोनांना मात्र चुलीपुढून, गोठ्यातून, एकीला तर न्हाणीच्या दारातून हाका मारून बाहेर काढलं.

निकाल लागला. सात मतांनी मैमुनाबी!

मुजीबनं व्हिडिओ कॉल लावला. "खाला, आकडे सांग ना!" त्याला दिसलं आभाळ, मग गुलाल, मग कुणाचे तरी पाय, परत आभाळ. फोन हातात धरूनच खाला हलगीवर नाचत होती.